लेकराचं वजन घरात ठरतं की गल्लीत? लालबागचा हिशेब

बुऱ्हाणपूर : अंगणवाडीत लेकरू काट्यावर ठेवलं की आईच्या मनात एकच धाकधूक असते, वजन भरलं की नाही. निमाड असो की खानदेश, ही भीती जुनी आहे आणि ती खोटी नाही. पण लालबागसारख्या वस्तीत आता तिच्या शेजारी दुसरी भीतीही येऊन बसली आहे. एका घरचं पोरगं वर्गात सगळ्यात बारीक, तर दोन घरं सोडून राहणारं पोरगं दहाव्या वर्षीच जिना चढताना धापा टाकणारं. दोन्ही ठिकाणी लोकांचा निकाल एकच असतो, "आईचं लक्ष नाही."

हा निकाल सोपा आहे, म्हणून तो पटकन दिला जातो. पण मूल दिवसभर आईच्या नजरेसमोर नसतं. घर ते शाळा या वाटेवर त्याला काय दिसतं, हातात पाच रुपये असले तर काय मिळतं, खेळायला जागा आहे का, तहान लागली तर नळ आहे का, या गोष्टी आईच्या हातात नाहीत. त्या वार्डाच्या, शाळेच्या आणि नगर निगमच्या हातात आहेत. मुलांच्या वजनाची चर्चा करायची तर हिशेबाच्या वहीत हे खातंही उघडावं लागेल.

आकडे दोन्हीकडचे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) मध्य प्रदेशातली पाच वर्षांखालची 33 टक्के मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. महाराष्ट्रात हाच आकडा 36.1 टक्के आहे. म्हणजे सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, दर तीन मुलांमागे एक मूल हलकं. वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं दोन्ही राज्यांत 35 टक्क्यांच्या वरच आहेत.

याच सर्वेक्षणात एक छोटा आकडा आहे, ज्याकडे कोणी बघत नाही. देशात पाच वर्षांखालच्या जास्त वजनाच्या मुलांचं प्रमाण चौथ्या फेरीत 2.1 टक्के होतं, ते पाचव्या फेरीत 3.4 झालं. शहरात 4.2 आणि खेड्यात 3.2. महाराष्ट्रात ते 4.1 टक्के आहे. आकडा लहान आहे, पण चाल वरची आहे.

शाळकरी वयाचं चित्र 2016-18 च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणातून मिळतं. 5 ते 9 वयोगटात 23 टक्के मुलं बारीक आणि 4 टक्के जास्त वजनाची. 10 ते 19 वयात 24 टक्के बारीक आणि 5 टक्के जास्त वजनाची. तेव्हा लठ्ठपणा हीच मुख्य समस्या झाली, असं आपल्याकडे कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. आजही बारीक मुलांची रांग लांब आहे. मात्र जगात पारडं फिरलं आहे. युनिसेफच्या सप्टेंबर 2025 च्या अहवालानुसार 5 ते 19 वयोगटात लठ्ठ मुलांचं प्रमाण (9.4 टक्के) पहिल्यांदाच कमी वजनाच्या मुलांपेक्षा (9.2 टक्के) पुढे गेलं. आणि त्या अहवालाने बोट ठेवलं ते आयांवर नाही, तर मुलांभोवतीच्या खाण्याच्या वातावरणावर.

आणखी एक अडचण आहे. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी मुलाला काट्यावर ठेवते. नंतर? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. पण या कार्यक्रमाच्या मूळ 30 आजारांच्या यादीत अतिकुपोषण आहे, रक्तक्षय आहे, दातांची कीड आहे, लठ्ठपणा नाही. जे मोजलंच जात नाही, ते कोणाच्या बैठकीत येणार?

बारीक आहे, खाऊ द्या?

आपल्याकडे एक समजूत घट्ट आहे. पोरगं बारीक आहे ना, मग काहीही खाऊ द्या, अंगाला लागेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने या समजुतीला मोठा धक्का दिला. 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू झाला. या बाळांचं जन्मवजन सरासरी 2.7 किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीनच्या आसपास. पण आपली बाळं हलकी असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक, आतून चरबीदार. असं मूल पुढे पोषणाविना नुसत्या तेल-साखरेवर वाढलं तर मधुमेहाचा धोका त्याला लवकर गाठतो.

म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2015 मध्ये 5 ते 18 वयासाठी वाढीचे नवे तक्ते दिले, तेव्हा जास्त वजनाची रेषा खाली घेतली. मोठ्यांच्या 23 आणि 27 या बीएमआयला जुळणाऱ्या या रेषा आहेत, पाश्चात्त्यांच्या 25 आणि 30 ला नाहीत. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचं या कामात मोठं योगदान आहे. सांगायचं ते एवढंच, की बारीक आणि लठ्ठ ही दोन वेगळी गावं नाहीत. तो एकाच रस्त्यावरचा प्रवास असू शकतो, आणि तो रस्ता गल्लीतून जातो.

परिसराचा परिणाम खरा की भास?

परिसर वजन घडवतो, हे सिद्ध करणं अवघड असतं. कारण माणसं वस्ती निवडतात. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते मैदानाजवळ घर घेतात. मग मूल तंदुरुस्त कशामुळे, मैदानामुळे की पैशामुळे? अमेरिकेतल्या दोन अभ्यासांनी या गुंत्यातून वाट काढली.

पहिला प्रयोग 1994 ते 1998 या काळात पाच शहरांत झाला. गरीब वस्तीतल्या कुटुंबांची चिठ्ठ्या टाकून निवड झाली आणि काहींना कमी गरिबीच्या भागात घर घ्यायला मदत मिळाली. दहा ते पंधरा वर्षांनी साडेचार हजारांच्या आसपास महिलांची तपासणी झाली. वस्ती बदलण्याची संधी मिळालेल्या आयांमध्ये अतिलठ्ठपणा आणि मधुमेह कमी आढळला. निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. हे आयांबद्दल झालं.

मुलांबद्दलचा दुसरा अभ्यास 2018 चा आहे, लष्करी कुटुंबांचा. फौजी आपली बदली स्वतः ठरवत नाही, हुकूम येतो आणि बिस्तरा बांधायचा. ज्या कुटुंबांची बदली लठ्ठपणा जास्त असलेल्या जिल्ह्यात झाली, त्यांच्यात पालक आणि मुलं दोघांचंही वजन जास्त असण्याची शक्यता वाढलेली दिसली. तिथे जास्त काळ राहिलेल्या आणि छावणीबाहेर घर घेतलेल्या कुटुंबांत हा संबंध अधिक ठळक होता. एक कारण असं सांगितलं गेलं, की आजूबाजूला जे दिसतं तेच डोळ्याला साधं वाटू लागतं. आपल्याकडेही हे ओळखीचं आहे. वाढदिवसाला केकसोबत कोल्ड्रिंकची मोठी बाटली नसेल तर "एवढंच?" असं पाहुण्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

पण इथे सावध राहायला हवं. अमेरिकेत लठ्ठपणा गरीब वस्तीत जास्त आहे. भारतात तो अजून बऱ्याच अंशी खात्यापित्या घरांत जास्त दिसतो. शिवाय घराजवळ फास्ट फूडचं दुकान असलं म्हणजे मूल जाड होतंच, असंही अभ्यास एकमुखाने सांगत नाहीत. त्यामुळे तिकडचा निष्कर्ष जसाच्या तसा लालबागवर चिकटवता येणार नाही. लालबागचा हिशेब लालबागमध्येच मांडावा लागेल.

केळीच्या गावात पाचचा पुडा

लालबाग म्हणजे बुऱ्हाणपूरचं स्टेशन असलेला भाग. भुसावळ-खंडवा मार्गावरची गाडी इथे थांबते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उभी राहिलेली ताप्ती मिल इथलीच. शहराचा दुसरा आधार म्हणजे पॉवरलूम, आणि जिल्ह्याचा तिसरा आधार केळी. 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत बुऱ्हाणपूरच्या नावापुढे केळीच लिहिली आहे. रावेर-मुक्ताईनगरपासून बुऱ्हाणपूरपर्यंतचा पट्टा सगळ्या उत्तर भारताला केळी खाऊ घालतो.

आणि याच पट्ट्यात शाळेच्या सुट्टीत पोरांच्या हातात काय असतं? वेफर्सचा, नाही तर मसाला नळ्यांचा पाचचा पुडा.

यात व्यापाराचं साधं गणित आहे. पुडा महिनोन्‌महिने टिकतो, केळी दोन दिवसांत काळी पडतात. पुडा दोरीला लटकवला की स्वतःच जाहिरात करतो. कंपनीचा माणूस तो दुकानावर आणून देतो. केळी आणायला दुकानदाराला पहाटे मंडीत जावं लागतं. पुड्यात नुकसान जवळजवळ शून्य, केळीत उरलेला माल तोट्याचा. दुकानदाराने काय विकावं हे मग त्याच्या मनावर नाही, या गणितावर ठरतं.

करानेही पारडं पुड्याकडेच झुकवलं. 22 सप्टेंबर 2025 पासून नमकीनवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला, बिस्किटं आणि चॉकलेटवरचा 18 वरून 5. घरखर्चाला दिलासा मिळाला, ते बरंच झालं. पण पाच रुपयांच्या पुड्याचा भाव साडेचार होत नाही. पाचचं नाणं तेच राहतं आणि आतला माल वाढतो. गोड फेसाळ पेयांवर मात्र 40 टक्के कर आहे. ताज्या फळांवर जीएसटी नाही, पण फळाला जाहिरातही नाही.

आता पोटाचं गणित. शंभर ग्रॅम वेफर्समध्ये सुमारे 550 कॅलरी, शंभर ग्रॅम केळ्यात 100 च्या आसपास. एक छोटा पुडा फार मोठा नसतो, हे खरं. पण दिवसाला दोन पुडे म्हणजे महिन्याला 300 रुपये. आणि त्यांचा परिणाम दोन मुलांवर दोन तऱ्हेने होतो. बारीक मुलाची भूक पुड्याने मरते, मग घरी पोळी-भाजी अर्धी राहते आणि प्रथिनं पोटात जात नाहीत. भरल्या घरच्या मुलाचं जेवण सुटत नाही, पुडा वरून जमा होतो. माल एकच, दुकान एकच. एकाचा काटा खाली, एकाचा वर. सीमेवरच्या गावांत दिसणारं दुहेरी ओझं ते हेच.

खेळायचं कुठे आणि कधी?

खर्चाची दुसरी बाजू म्हणजे हालचाल. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. ताप्तीच्या खोऱ्यात उन्हाळ्यात पारा 43-44 ला टेकतो. अकरा ते पाच मूल बाहेर काढणं शक्यच नाही. उरते ती सकाळ आणि संध्याकाळ. सकाळी शाळा आणि संध्याकाळी ट्यूशन. मधल्या तासाभरात सावली असलेली मोकळी जागा घराजवळ असेल तर पोर खेळेल, नाही तर मोबाइल आहेच.

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या अनुसूचीत शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे. पण दाट वस्तीतल्या कितीतरी शाळा घरासारख्या इमारतीत भरतात. तिथे मैदान म्हणजे अंगण, आणि अंगणात मोटारसायकली. रस्त्याचंही तसंच. कडेला चालायला फरशी नाही, ट्रक-ऑटोची गर्दी, भटक्या कुत्र्यांची भीती. मग बाप म्हणतो, "चल, गाडीवर सोडतो." पंधरा मिनिटांची चाल गेली, येता-जाता मिळून अर्धा तास. मुलगी मोठी झाली की चौकातल्या टवाळखोरीच्या भीतीने तिचं बाहेर खेळणं आधी बंद होतं. हा आळस नाही. रस्त्यावर भरवसा नाही म्हणून घरोघरी घेतलेला निर्णय आहे.

ताप्ती मिलचा मुद्दाही इथेच येतो. राष्ट्रीय वस्त्र निगमच्या देशभरातल्या गिरण्या मार्च 2020 च्या लॉकडाऊनमध्ये थांबल्या, त्यात ही मिलही होती. कामगारांच्या पगाराचा प्रश्न सगळ्यात आधी, यात वाद नाही. घरची आवक आटली की ताटातली डाळ आणि दूध आधी आटतं, आणि तेही मुलाच्या वजनात उतरतं. पण मिलच्या जागेबद्दल उद्या जो काही निर्णय होईल, त्या कागदावर लालबागच्या पोरांसाठी मैदानाचा तुकडा असावा, ही मागणी आजपासून लावून धरली पाहिजे. प्लॉट पडल्यावर मैदान मागून मिळत नाही.

चारशे वर्षांपूर्वीचा धडा

सार्वजनिक सोय काय करू शकते हे बुऱ्हाणपूरला बाहेरून शिकायची गरज नाही. लालबागजवळचा कुंडी भंडारा 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खान-ए-खानान यांच्या काळात बांधला गेला. सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, नुसत्या उतारावर, शहरापर्यंत आणलं. मार्च 2024 मध्ये या वास्तूचं नाव युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलं. त्या काळी कोणी घरोघर जाऊन "तहानेवर ताबा ठेवा" असं सांगितलं नाही. पाणीच वस्तीत आणलं. जुलै 2022 मध्ये ग्रामीण भागात घरोघर नळ पोहोचवणारा देशातला पहिला प्रमाणित जिल्हा म्हणून बुऱ्हाणपूरचंच नाव झालं. तेव्हाही तेच झालं.

वजनाशी याचा संबंध सरळ आहे. खराब पाण्याने जुलाब लागले की बारीक मूल आणखी उतरतं. आणि शाळेत थंड, स्वच्छ पाणी नसलं की पोरं दाराबाहेरची रंगीत पेयं घेतात. फेसाळ पेयाच्या 250 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅमहून जास्त साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आदर्श मर्यादेप्रमाणे मोठ्या माणसाची दिवसाची वरची साखर जवळपास एवढीच. शाळेतला चालू नळ हा वजनाचा उपाय आहे, हे आरोग्य खात्याच्या भिंतीवर कुठे लिहिलेलं नसतं.

नियम आहे, टेप कोणाकडे?

केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2020 मध्ये शाळांसाठी नियम काढले. जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि शाळेच्या आवारापासून 50 मीटरपर्यंत विकायचे नाहीत. महाराष्ट्राने त्याआधी मे 2017 मध्येच शाळेच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ हटवण्याचा आदेश दिला होता. सीबीएसईने मे 2025 मध्ये शाळांना साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितलं. लंडनने 2021 च्या आराखड्यात शाळेपासून 400 मीटर चालण्याच्या अंतरात नव्या टेकअवे दुकानांना मनाई केली. आपल्याला 50 मीटर दिले आहेत. तेवढे तरी मोजले जातात का?

इथे दुसरी बाजू ऐकली पाहिजे. शाळेच्या दारातला हातगाडीवाला हा काही खलनायक नाही. त्याचीही दोन पोरं शाळेत असतात. पोलीस पाठवून गाडी उचलली तर एक चूल विझेल आणि पुडा गल्लीच्या आतल्या दुकानात मिळेल. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने शहर विक्रेता समितीची तरतूद केली आहे, आणि तिच्यात विक्रेत्यांचेही प्रतिनिधी असतात. या समितीत ठरवता येतं, की शाळेच्या दारातली जागा केळी, पेरू, उकडलेले चणे, शेंगदाणे, काकडी विकणाऱ्याला आधी मिळेल. हाकलण्यापेक्षा जागा देण्याचं हे बळ जास्त टिकतं. मंडीत भाव पडतो तेव्हा केळी फेकायची वेळ येते. तोच माल दोन किलोमीटरवरच्या शाळेत का पोहोचत नाही, याचं उत्तर बागायतदार, शाळा समिती आणि नगर निगम यांनी एका टेबलावर बसून द्यायला हवं.

फार मोठ्या बजेटची ही कामं नाहीत. शाळेने वर्षातून दोनदा वजन आणि उंची मोजून 2015 च्या तक्त्यावर टाकावी, आणि चिठ्ठी पालकांकडे गुपचूप द्यावी; वर्गात नाव घेऊन नाही. जाड मुलाला चिडवलं की ते खेळातूनच अंग काढून घेतं. पार्षदाने वार्डातली एक मोकळी जागा संध्याकाळी गाड्यांपासून मोकळी ठेवावी, तिथे दिवा आणि चार झाडं लावावीत. शाळेच्या 50 मीटरची रेषा चुन्याने आखावी, म्हणजे दुकानदाराला आणि पालकाला दोघांनाही कळेल. शाळेतला नळ चालू आहे की नाही, हे पालक-शिक्षक बैठकीत पहिल्या मुद्द्यावर यावं. रावेर, मुक्ताईनगर किंवा मलकापूरच्या वाचकाला राज्य वेगळं आहे, पण यातलं एकही काम वेगळं नाही.

घराची जबाबदारी संपत नाही. डब्यात काय द्यायचं, रात्री मोबाइल कधी काढून घ्यायचा, हे घरानेच ठरवायचं आहे. पण दाराबाहेर पाऊल टाकल्यावर लेकरू गल्लीचं होतं. गल्लीने त्याला पुडा, धूर आणि गर्दीच द्यायची, आणि काट्यावर आकडा चुकला की जाब मात्र आईला विचारायचा, हा व्यवहार बरोबरीचा नाही. पुढच्या निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्याला लालबागच्या आयांनी नाली आणि रस्त्याबरोबर एक प्रश्न जरूर विचारावा : आमची पोरं खेळतील कुठे, आणि शाळेच्या दारात खातील काय?